जबाब पाठ करून साक्ष देता येत नाही, तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

माझ्या आत्याला पुढच्या महिन्यात साक्षीला जायचंय. खालच्या रस्त्यावर मारामारी झाली होती, ती तिने गॅलरीतून बघितली. काल तिच्याकडे गेलो तर वही घेऊन बसलेली, हवालदाराने वाचायला दिलेला जबाब तिने उतरवून घेतला होता आणि घोकत होती, "सदर इसमाने हातातील लोखंडी वस्तूने..." अगं आत्या, तू जन्मात कधी 'सदर इसम' म्हणाली आहेस का? तर तिने मोबाईलच पुढे केला. 'कोर्टात साक्ष देण्याआधी वाचाच' असा फॉरवर्ड, सहा मुद्दे, खाली कोणाचं नाव नाही.

पहिलाच मुद्दा, 'जबाबातला एक शब्द बदलला तरी खोटी साक्ष, सात वर्षं जेल.' याने माणसं रात्र-रात्र झोपत नाहीत हो! पोलिसांपुढचा जबाब पोलीस त्यांच्या भाषेत लिहितात, तपासात घेतलेल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते. तो जबाब म्हणजे पुरावा नाही, पुरावा म्हणजे तुम्ही पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगता ते. जबाब आणि साक्ष यात फरक पडला तर आरोपीचा वकील तो दाखवणार, त्याचं कामच आहे ते, आणि फरक मुद्द्याचा असेल तर त्याचा परिणामही होतो. पण खोटी साक्ष म्हणजे खोटं आहे हे माहीत असून किंवा खरं वाटत नसताना शपथेवर सांगणं. भारतीय न्याय संहितेचं कलम 227 आणि शिक्षेचं 229 काढून वाचा, जास्तीत जास्त सात वर्षं, ती त्याला आहेत. विसरायला नाहीत, शब्द बदलायला तर नाहीतच.

उलट पाठ केल्यानेच घोटाळा होतो. उलटतपासणीत कोणी पहिल्यापासून विचारत नाही, मधूनच विचारतात, दिवा कुठल्या बाजूला होता, तुम्ही वाकून बघत होता की उभ्या होता, आणि पाठांतराची साखळी तिथेच तुटते. आधी जबाब वाचला असेल आणि कोणी विचारलं "वाचून आलात का" तर खरं ते सांगायचं, लपवायचं नाही.

'आठवत नाही असं कधीच म्हणू नका' हाही तसलाच. खरंच आठवत नसेल तर तेच उत्तर, अंदाज ठोकून दिला की पुढच्या प्रश्नाला अडकायला होतं.

'फक्त हो किंवा नाही म्हणा' यात थोडं तथ्य आहे, उलटतपासणीत सूचक प्रश्न, म्हणजे ज्यात उत्तर आधीच सुचवलेलं असतं असे प्रश्न, चालतात आणि वकील तसं दामटतात. पण हो-नाहीत खरं बसत नसेल तर सरळ न्यायाधीशांकडे बघून म्हणायचं, साहेब, थोडं सांगावं लागेल.

गीतेवर हात ठेवायचा हे सिनेमातलं. 1969 च्या शपथ कायद्यात ग्रंथ लागत नाही, ईश्वराची शपथ घ्या नाहीतर नुसती प्रतिज्ञा करा.

'वकील वाटेल तसा अपमान करतो, कोर्ट गप्प बसतं.' नवीन साक्ष अधिनियम 1 जुलै 2024 पासून लागू आहे, त्यातही जुन्यासारखंच आहे की निव्वळ अपमान करायला किंवा त्रास द्यायला विचारलेला प्रश्न कोर्टाने थांबवायचा. आवाज चढला तर घाबरू नका, उत्तर हळू द्या, कारण ते टाईप होत असतं. शेवटी साक्ष वाचून दाखवतात ती नीट ऐका, चूक असेल तर सही करायच्या आधी सांगा.

शेवटचा मुद्दा, 'एकदा अडकलात की खेटेच खेटे, म्हणून समन्स घेऊच नका.' खेट्यांचं खरं आहे, मान्य करावं लागतं. दिवसभर बाकड्यावर बसायचं, पुकारा व्हायचा आणि तारीख पडायची, हे होतं. साक्षीदार हजर असताना विशेष कारणाशिवाय तारीख देऊ नये असं कायद्यात असूनही होतं. पण समन्स टाळलं तर वॉरंट निघू शकतं, म्हणजे हा सल्ला तुम्हाला साक्षीदाराच्या बाकड्यावरून उचलून पोलिसांच्या गाडीत बसवणारा आहे. सरकारी केसमध्ये जायचा-यायचा भत्ता मिळतो, तो मागून घ्या.

मी वही काढून घेतली आणि म्हटलं, आता मला सांग काय झालं. ती म्हणाली, "मी चादर वाळत घालत होते, आधी बाटली फुटल्याचा आवाज आला म्हणून खाली बघितलं." बाटलीचा आवाज जबाबात नव्हताच. तिला म्हटलं, तारखेच्या दिवशी आधी सरकारी वकिलांना भेट आणि हे त्यांना सांग.