स्कॉर्म संपलेलं नाही, जुने कोर्स फेकू नका

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या प्रशिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातोय. त्याचं म्हणणं असं: स्कॉर्म (ऑनलाइन कोर्स आणि तो चालवणारी प्रणाली यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचं मानक) संपलं, ते फक्त 'कोर्स पूर्ण' एवढंच नोंदवतं, नेट गेलं की नोंद बुडते, एक्सएपीआय (शिकण्याच्या नोंदी ठेवायचं नवं मानक) ऑफलाइन चालतं, तेव्हा जुने कोर्स काढा आणि नवे बनवून घ्या. आंबा प्रक्रिया, मासळीची स्वच्छता, होमस्टे असे कोर्स चालवणाऱ्या लहान संस्थांनी हे खरं मानलं तर त्यांचे पैसे पाण्यात जातील, म्हणून उत्तर देतोय.

'स्कॉर्म संपलं.' अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून आलेली स्कॉर्म १.२ ही आवृत्ती २००१ची. जुनी आहेच. पण मूडल ही कोर्स चालवायची प्रणाली (एलएमएस) ती आजही चालवते आणि कोर्स बनवायची नावाजलेली सॉफ्टवेअर आजही त्या आवृत्तीत कोर्सचं पॅकेज (झिप फाइल) काढून देतात. जुने कोर्स उघडत नाहीत ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचं मूळ बरेचदा फ्लॅश या ॲनिमेशनच्या जुन्या तंत्रात असतं. ॲडोबीने २०२०च्या अखेरीस फ्लॅशचा आधार काढला आणि १२ जानेवारी २०२१पासून प्लेअरने मजकूर दाखवणंच थांबवलं. पॅकेजची झिप उघडून बघा. आत एसडब्ल्यूएफ (म्हणजे फ्लॅशच्या) फायली असतील तर तेवढे धडे एचटीएमएलमध्ये नव्याने करा. संहिता, मराठी निवेदन, फोटो, प्रश्न हे सगळं तुमचंच आहे, ते पुन्हा वापरता येतं.

'फक्त पूर्ण झालं एवढंच कळतं.' साफ चूक. १.२मध्येही गुण, लागलेला वेळ, कुठे सोडलं आणि कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, या सगळ्याला जागा आहे. प्रश्नवार उत्तरं नोंदवणं एलएमएसवर बंधनकारक नव्हतं, ही उणीव खरी. स्कॉर्म २००४ या पुढच्या आवृत्तीत ते बंधनकारक झालं. पण रकाने रिकामे दिसतात ते बहुधा कोर्स बनवणाऱ्याने काही पाठवलंच नाही म्हणून. २०१३मध्ये आलेल्या एक्सएपीआयची नोंद कर्ता, क्रियापद, कर्म अशी वाक्यासारखी असते. तिथेही कोणी 'अमुकने कोर्स पूर्ण केला' एवढंच पाठवलं, तर तेवढंच मिळणार.

नेटचा मुद्दा आपल्याकडे लगेच पटतो. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस ना वीज होती ना टॉवर. स्कॉर्मचा कोर्स ब्राउझरमध्ये चालतो आणि 'कमिट' ही आज्ञा दिली की एलएमएसला नोंद जपून ठेवायला सांगतो. ते कमिट फक्त शेवटी ठेवलं आणि मध्येच फोन बंद पडला, तर अर्धा तास वाया. दर पानाला कमिट ठेवा. दुसरी खोच अशी की अर्धवट कोर्स पुढे चालू करण्याची माहिती ज्या रकान्यात राहते, त्याला १.२मध्ये ४,०९६ अक्षरांची मर्यादा आहे. लांबलचक कोर्समध्ये तो भरतो, शिकणारी बाई परत पहिल्या पानावर येते आणि बोल लागतो नेटला. कोर्सचे लहान तुकडे केले की हे थांबतं. शिवाय मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये १.२चं पॅकेज आधी उतरवून ऑफलाइन सोडवता येतं, नोंद मागाहून जाते.

एक्सएपीआयची इथली ताकद मी नाकारत नाही. प्रत्येक नोंदीला स्वतःची वेळ आणि स्वतःची ओळख असते, त्यामुळे उशिरा पोचली तरी चालते आणि तीच दोनदा आली तरी दोनदा साठवली जात नाही. पण नोंदी फोनमध्ये साठवणं आणि रेंज आल्यावर पाठवणं हे काम ॲप बनवणाऱ्याचं. मानकात ते आयतं मिळत नाही. नोंदी ठेवायला एलआरएस (नोंदींचं कोठार) वेगळं लागतं. एलएमएसमधून कोर्स सुरू कसा करायचा हेही त्यात नाही. त्यासाठी २०१६चं सीएमआय५ हे वेगळं मानक आहे.

होडीवर किंवा पॅकहाऊसमध्ये प्रत्यक्ष काम करताना मुकादमाने तपासून नोंद करायची असेल, तर एक्सएपीआय जरूर घ्या. स्कॉर्म तिथे तोकडं पडतं. मात्र सही करण्याआधी विक्रेत्याला समोर बसवा. फोन विमान मोडवर टाकून दोन प्रश्न सोडवा, ॲप बंद करा, अर्ध्या तासाने नेट चालू करा आणि अहवालात उत्तराची वेळ बघा. नेट आल्याची वेळ दिसली, किंवा नोंदच आली नाही, तर पैसे देऊ नका.