घोटाताई

पायाचे हाड मोडलेल्या माणसाकडे भेटायला येणाऱ्यांची गर्दी पहिल्या आठवड्यातच आटपते. प्रत्येक जण कसे पडलात हे विचारतो, मग आपल्या मावसभावाचा पाय याहून वाईट मोडला होता हे सांगतो आणि ‘आता मस्त आराम करा’ असे काहीशा हेव्याने म्हणून निघून जातो. मागे उरतात ती घरातली माणसे, आणि त्यांच्याही सोसण्याला मर्यादा असते, कारण दिवसभर एका जागी बसलेल्या माणसाला पंखा कमी करावासा वाटतो आणि थोड्या वेळाने तोच पंखा परत वाढवावासा वाटतो. माझा घोटा मोडला आणि त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले, तेव्हा अशाच एका पंख्याच्या प्रकरणानंतर मुलीने माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि हाडे मोडलेल्यांच्या एका ऑनलाइन गटात माझे नाव घालून तो परत दिला.

त्या गटात माणूस हाडाने ओळखला जातो. नावे पडद्यावर दिसतात, पण ती वापरात नाहीत. मनगटकाका, नडगीदादा, खुबाआजी अशा मंडळींनी माझे स्वागत केले आणि गेल्या गेल्या मी घोटाताई झाले. तिथला मानपानही हाडांवरूनच ठरतो. मांडीचे हाड शरीरातले सर्वांत लांब आणि मजबूत, त्यामुळे तेच मोडून बसलेल्या मांडीवहिनींचा शब्द अखेरचा. आत रॉड असणाऱ्याचा मान प्लेटवाल्याहून मोठा, आणि प्लेटवाल्याचा मान माझ्यासारख्या नुसत्या प्लास्टरवालीहून मोठा. पायाची करंगळी मोडलेले एक गृहस्थ मात्र कायम अंग चोरून असत. एकदा त्यांनी धीर करून लिहिले की, माणसाच्या 206 हाडांपैकी 52, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक हाडे, दोन पावलांतच असतात. त्यावर खुबाआजींनी ‘हो, पण बाकीची मोठी असतात’ एवढेच लिहून तो विषय मिटवला.

ओळख करून द्यायची म्हणजे एक्स-रे टाकायचा. एक्स-रेचा शोध लावणाऱ्या राँटगेनने 1895 साली आपल्या पत्नीच्या हाताचा एक्स-रे काढला, तेव्हा तिच्या बोटातली अंगठीही त्यात उमटली होती. आमच्याकडे दागिन्यांच्या जागी स्क्रू असतात. एरवी स्वतःचा फोटो चारचौघांत टाकताना माणूस मान तिरकी करतो, उजेड बघतो, पोट आत घेतो. हाडाला पोट आत घेता येत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळा संकोच संपतो. या मंडळींपैकी कोणाचाही चेहरा मी धड पाहिलेला नाही, परंतु नडगीदादांचे सहा स्क्रू मी भर गर्दीतही ओळखीन. मध्यंतरी व्हिडिओ कॉलचा घाट घालण्यात आला होता. पाय उंचावर आणि डोके खाली अशा अवस्थेत सर्वांना एकमेकांच्या फक्त नाकपुड्या दिसल्या आणि तो प्रयोग तिथेच संपला.

गटाची खरी किंमत मध्यरात्री कळते. प्लास्टरच्या आत, बरोबर बोट पोहोचत नाही अशा जागी खाज सुटते, तेव्हा घर गाढ झोपलेले असते आणि झोपलेल्या माणसाला ‘मला खाज सुटली आहे’ एवढ्या कारणासाठी उठवण्याचे धैर्य लग्नाला कितीही वर्षे झाली तरी होत नाही. अशा एका रात्री मी विणकामाची सुई हातात धरून तिच्या लांबीचा अंदाज घेत होते आणि दुसऱ्या हाताने गटाला माझी व्यथा कळवत होते. ‘सुई खाली ठेवा,’ मांडीवहिनींचे उत्तर क्षणात आले. मी सुईबद्दल एक अक्षरही लिहिलेले नव्हते. आत काहीही घालायचे नाही, कातडीला जखम होऊन ती चिघळते, हेअर ड्रायरची थंड हवा वरून सोडा, गरम अजिबात नको, असे त्यांनी सांगितले आणि खाज उतरेपर्यंत आम्ही पाच जण जागे राहून सुनांविषयी बोललो.

जेफ्री हॉल या अमेरिकन अभ्यासकाने 2018 साली असा अंदाज मांडला की, तोंडओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास आणि जिवलग मैत्री व्हायला 200 तासांहून अधिक काळ एकमेकांच्या संगतीत घालवावा लागतो. बाहेरच्या जगात एवढे तास जमायला वर्षे जातात, कारण लोक मध्येच उठून कामाला जातात. आमच्यात कोणाला उठताच येत नव्हते.

घरात याची असूया सुरू झाली. ‘त्या बाईंच्या मांडीची चौकशी तू दिवसातून चारदा करतेस, माझ्या गुडघ्याची एकदाही नाही,’ असे नवऱ्याने ऐकवले. त्याचा गुडघा मोडलेला नाही, नुसता दुखतो, आणि असली गुळमुळीत प्रकरणे आमच्या गटात घेत नाहीत.

या मैत्रीला एकच धोका असतो आणि तो म्हणजे कॅल्शियम. हाड मोडल्या जागी आधी रक्त गोठते, मग मऊ कूर्चेसारखा सांधा धरतो, पुढे तो कडक होतो आणि एक्स-रेमध्ये ढगासारखा दिसू लागतो. असा ढग कोणाच्या एक्स-रेमध्ये दिसला की गटात अभिनंदनाचा पाऊस पडतो, आणि आता हा माणूस जाणार हे प्रत्येकाच्या मनात येते. ‘मी कुठे जातोय?’ असे मनगटकाका अगदी कळकळीने म्हणाले होते. प्लास्टर असताना ते डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत पानेच्या पाने लिहीत. दोन्ही हात मोकळे झाल्यापासून त्यांचे एक वाक्य आलेले नाही.

अखेर माझ्या डॉक्टरांनीही हाड उत्तम जुळले आहे, आता चालायला लागा, असे सांगितले. मी नवा एक्स-रे गटात टाकला. बराच वेळ पडद्यावर कोणीतरी टाइप करत असल्याचे दिसत राहिले, पण संदेश काही येईना. मग मांडीवहिनींनी लिहिले, ‘छान जुळलंय. पण खालच्या बाजूला मला अजून बारीकशी फट दिसतेय हो. शिवाय हाडाची आतली डागडुजी पुढे कित्येक महिने चालते.’ ती फट नडगीदादांनाही दिसली. खुबाआजींनी चष्मा बदलून पाहिले, तेव्हा त्यांनाही दिसली. करंगळीवाल्या गृहस्थांनी तर तिच्याभोवती लाल गोल काढून पाठवला. मी तो फोटो मोठा करून उजेडात धरला, आणि बराच वेळ निरखल्यावर मलाही ती दिसू लागली.