किल्लारीच्या मेसेजबद्दल खुलासा

"किल्लारीत 1993 ला 8 रिश्टरचा भूकंप झाला, 30 हजार माणसं गेली, आणि आज रात्री तसाच धक्का बसणार आहे, घराबाहेर झोपा." हा मेसेज परवा मीही न वाचता पुढे ढकलला. चूक माझी. आता नीट सांगतो.

भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून गाढ झोपले होते. तीव्रता 6.2 च्या आसपास होती, 8 नव्हे. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा दहा हजाराच्या आत आहे. तो काय कमी आहे? फुगवायची गरजच नाही.

एवढी माणसं गेली ती मुख्यतः घरांमुळे. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर मातीचा जड थर असलेलं माळवद. आतला-बाहेरचा दगड बांधणारा लांब दगड भिंतीत नसायचा, म्हणून धक्क्यासरशी भिंत फुगून फाटली आणि माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं.

राहिली 'आज रात्री'ची गोष्ट. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणारं तंत्र जगात कुणाकडेच नाही, त्यामुळे कोणतीही वेधशाळा असा इशारा देत नाही. 1992 मध्ये किल्लारीला छोटे धक्के जाणवले होते, तरी मोठा कधी येईल हे तेव्हाही कुणाला सांगता आलं नव्हतं.

ज्या ज्या ग्रुपवर तो मेसेज टाकलात, तिथून काढा आणि हा टाका. आमच्या गल्लीतल्या आजी दोन रात्री ओट्यावर बसून आहेत.