साकव बुडाला म्हणून खेळ थांबत नाही

पावसाळा तोंडावर आला की कोकणात व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो: साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पाण्याखाली गेला की तुटणाऱ्या वाड्यांतल्या शाळांना कॅरम, चेंडू वाटणं बंद करा. अडकलेल्या माणसाला खेळ सुचत नाही, मैदानाशिवाय खेळ होत नाही, आणि खेळ ही चैन आहे, आधी साकव उंच करा. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

अडकलेल्याला खेळ सुचत नाही? दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावर वर्णद्वेषी सरकारने राजकीय कैदी डांबले होते. दिवसभर खाणीत राबायचं. तरी कोठडीत ते चिंध्या-कागदाचा चेंडू करून खेळले आणि खऱ्या फुटबॉलसाठी अर्ज करत राहिले. १९६७ साली परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी संघ पाडले, मकाना फुटबॉल असोसिएशन काढली आणि फिफाच्या नियमांनी सामने भरवले.

मैदानाचा मुद्दा कोकणातल्या माणसाने काढावा याचं तर नवल वाटतं. जमीन भिजली की पोरं लोखंडी सळई घेऊन बाहेर पडतात. टोक खाली करून सळई जोरात मारायची. रुतली की तिथून पुढचा मारा, आडवी पडली की डाव गेला. मग हरलेल्याने तिथून सुरुवातीच्या रेघेपर्यंत लंगडी घालत यायचं. मे महिन्यातल्या टणक जमिनीत हा खेळ होऊच शकत नाही, त्याला पाऊसच लागतो. पडवीत मुली सागरगोटे झेलतात. त्या बिया किनाऱ्यालगतच्या काटेरी झुडपाच्या, विकत आणाव्या लागत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. जाळी शिवून झाली की मेंढीकोटाचा डाव बसतो.

'मग साहित्य द्यायचंच कशाला?' असं यावर कोणी विचारेल. चिंध्यांचा चेंडू होता म्हणून रॉबेन बेटावरच्यांनी खरा चेंडू मागणं सोडलं नाही. शिवाय चार दिवस झड लागली की सळई मारायला अंगणातही उतरता येत नाही. गुरुजी ओढ्यापलीकडे अडकलेले, पोरं अलीकडे. तेव्हा शाळेच्या पडवीतला एक कॅरमबोर्ड सगळ्यांना आळीपाळीने दिवसभर पुरतो.

राहिली चैन. खेळणं हा मुलांचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम ३१ सांगतं आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. साकव उंच व्हायलाच हवा, त्यासाठीच्या अर्जावर माझीही सही घ्या. पण साकव सरकारी निधीतून होतो आणि कॅरम कोणीतरी आपल्या खिशातून देतं. ते परत पाठवून साकवाचं काम सुरू होणार नाही.