खुलासा : मार्गिट वेनमाखर्स अँड्रीसन हॉरोविट्झच्या संस्थापक नव्हेत

‘अँड्रीसन हॉरोविट्झ ही व्हेंचर कॅपिटल (नव्या कंपन्यांत पैसा गुंतवणारी) कंपनी मार्गिट वेनमाखर्स यांनी काढली’ असं कौतुकानं सांगितलं जातं. कौतुक योग्य, माहिती चुकीची. कंपनी २००९ मध्ये मार्क अँड्रीसन आणि बेन हॉरोविट्झ यांनी सुरू केली. मार्गिट २०१० मध्ये भागीदार म्हणून आल्या.

त्यांनी स्वतः उभी केली ती आउटकास्ट ही जनसंपर्क कंपनी, १९९७ मध्ये, कॅरिन मरूनी यांच्या जोडीनं. सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीची प्रसिद्धी हे तिथलं गाजलेलं काम. मरूनी पुढे फेसबुकमध्ये आणि मग कोट्यू या गुंतवणूक कंपनीत गेल्या.

‘भागीदार’ शब्दानं घोळ वाढतो. व्हेंचर कॅपिटलमध्ये पैसा कुठं लावायचा हे ठरवणारे भागीदार असतात, तसे कंपन्या घडवायला मदत करणारेही. मार्गिट आल्या त्या दुसऱ्या प्रकारातल्या म्हणून. नवख्या संस्थापकाला पत्रकारांसमोरच्या पहिल्या मुलाखतीआधी समोर बसवून ‘तुमची कंपनी नेमकं काय करते, दोन वाक्यांत सांगा’ असं विचारणं, अडखळला तर पुन्हा सांगायला लावणं, हे या कामाचं रोजचं रूप. मला ते संस्थापकपदाइतकंच मोलाचं वाटतं. त्याला खोट्या बिरुदाची गरज नाही.