फ्रिजशेजारी झोपायचं म्हणे!

आमच्या आत्याने फ्रिज आणि कपाटामधली जागा मोकळी करून घेतलीय. भूकंप आला की तिथे अंग मुडपून पडायचं, असं फॅमिली ग्रुपवरच्या व्हिडिओत सांगितलंय. व्हिडिओ कसला, गेमची क्लिप! रस्ता चिरतो, गाड्या गडप होतात आणि मधून एक पोरगा सुसाट पळतो. कोपऱ्यातली, पात्राचा जीव किती उरलाय ते दाखवणारी हिरवी पट्टीसुद्धा कुणी कापलेली नाही. खाली चार मुद्दे: जमीन दुभंगते, तेव्हा धूम ठोका, अडकलात तर टेबलाखाली न जाता फ्रिज-कपाटाशेजारी आडवे व्हा, मोबाइल दहा मिनिटं आधी सांगतो, मुलांना असे गेम खेळू द्या, सराव होतो.

फ्रिजचं आधी बघू, कारण यात जीव जाईल. हा जुनाच माल आहे. ‘ट्रँगल ऑफ लाइफ’ (जड सामानाशेजारी उरणारी जीव वाचवणारी त्रिकोणी पोकळी) या नावाने, स्वतःला बचावतज्ज्ञ म्हणवणाऱ्या डग कॉप यांच्या सहीने वर्षानुवर्षं ईमेलवर फिरलेला. पुरावा काय, तर १९९६ साली तुर्कस्तानात इमारत पाडली, टेबलाखालचे पुतळे चिरडले आणि सामानाशेजारचे वाचले. पण ती इमारत हलवलीच नव्हती! यंत्राने खांब तोडून ती खाली बसवली होती. भूकंपात इमारत आडवी हिंदकळते आणि आतलं सामान जागा सोडतं. अगं आत्या, तुझा फ्रिज प्लॅस्टिकच्या स्टँडवर आहे, वर स्टॅबिलायझर, त्यावर लोणच्याची बरणी. तो तुझ्याच अंगावर येणार ना! अमेरिकन रेड क्रॉसने २००४ सालीच हा सल्ला खोडून काढला: खाली बसा, भक्कम टेबलाखाली डोकं-मान झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. इमारत अख्खी बसण्यापेक्षा वरून वस्तू पडूनच जास्त माणसं जखमी होतात, हे त्यांचं म्हणणं.

तरी एक कबूल करतो. ढिगाऱ्यात पोकळ्या राहतात आणि त्यांत माणसं जिवंत सापडतात. पण पोकळी कुठे राहणार, हे आधी कोण सांगणार? शिवाय रेड क्रॉसचा सल्ला तिकडच्या बांधकामाला धरून आहे. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन आटोपून लोक झोपले असताना ६.२ रिश्टरचा धक्का बसला. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद. ते सगळं कोसळल्यावर टेबल काय करणार? अशा बैठ्या घरात दार हाताशी असेल, तर मोकळ्यावर जाणंच बरं. आत्या मात्र तिसऱ्या मजल्यावर राहते, आरसीसी इमारतीत. तिने जिन्याकडे पळू नये.

जमीन गिळते, हे तर निव्वळ गेमवाल्यांचं. भेगा पडतात, मऊ जमीन सरकते, खचते. नाही कोण म्हणतंय? पण भूकंप जिथे होतो त्या खडकातल्या भेगेच्या, म्हणजे प्रस्तरभंगाच्या, दोन बाजू एकमेकींना घासत सरकतात. त्या दाराच्या फळ्यांसारख्या उघडल्या असत्या, तर घर्षणच उरलं नसतं. मग ताण साठणार कुठे आणि भूकंप होणार कसा? गेममध्ये हलतो तो बहुतेकदा कॅमेरा, पात्र बिनदिक्कत पळतं. खऱ्या मोठ्या धक्क्यात उभं राहता येत नाही.

दहा मिनिटांचं सोडून द्या. भूकंपाच्या आधी पोचणाऱ्या वेगवान प्राथमिक लहरी पकडून, मागून येणाऱ्या विध्वंसक लहरी पोचायच्या आत इशारा द्यायचा, एवढंच ते तंत्र. जपानसारख्या देशातही हाती लागतात ते काही सेकंद, फार तर मिनिटभराच्या आसपास, आणि भूकंपाच्या केंद्राजवळ तेवढेही नाहीत.

सरावाचं म्हणाल, तर काही गेम या फॉरवर्डपेक्षा शहाणे आहेत. १९८९ च्या ‘सिमसिटी’ या शहर वसवायच्या गेममध्ये १९०६ च्या भूकंपातलं सॅन फ्रान्सिस्को आहे, आणि तिथे धक्क्यामागून आगी लागतात. खरोखरही ते शहर आगीनेच जास्त संपलं. ‘डिझास्टर रिपोर्ट’ या जपानी गेममध्ये धक्का आला की पात्राला खाली वाकवून सावरावं लागतं. याच मालिकेचा चौथा भाग जपानमधल्या मार्च २०११ च्या भूकंपानंतर कंपनीने रद्द केला. तो दुसऱ्या कंपनीकडून २०१८ साली आला.

आत्याचं कपाट रविवारी एल-अँगल लावून भिंतीला ठोकतोय. बरणी खाली ठेवायला मात्र ती अजून तयार नाही.