जुनी मशीद, तिकीट नऊशे

रविवारी संध्याकाळी मुग्धा तलावपाळीच्या कट्ट्यावर आली ती पाय चोळतच. सकाळी मस्जिद बंदरला हेरिटेज वॉकला गेली होती. "मांडवीतला ज्यू मोहल्ला. अडीच तास, नऊशे रुपये, शेवटी चहा."

"चहाचे नऊशे?" अन्याने विचारलं. अन्या काडी टाकतो आणि भुर्जीच्या गाडीकडे निघून जातो. तसा गेलाच.

मुग्धाला मात्र सगळं सांगायचं होतं. सॅम्युएल स्ट्रीटवर हातगाड्यांची ही गर्दी, खारकांची पोती, हमालांचं "बाजू, बाजू", आणि त्यात हे पंचवीस जण कानात इअरफोन घालून एका रांगेत. मग 'गेट ऑफ मर्सी', म्हणजे शआर हारहमीम, मुंबईतलं सगळ्यांत जुनं सिनगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. 1796मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं. कंपनी सरकारच्या फौजेतला माणूस. टिपूच्या कैदेत सापडला होता, आणि बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा, उल्लेख कुराणात आहे म्हणून टिपूच्या आईने त्याला वाचवलं, अशी गोष्ट सांगतात. सामाजी म्हणजे सॅम्युएल, सॅम्युएल स्ट्रीटला नावही त्याचंच. आताची इमारत 1860ची.

"आणि बेने इस्रायली सिनगॉगला मशीद म्हणायचे. स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं म्हणतात," मी म्हटलं. आयुष्यभर मस्जिद बंदरवरून लोकल गेली, मला हे चाळिशीत कळलं. तेही आमच्या कट्ट्यावरच्या पेणकरकडून, तो स्वतः बेने इस्रायली.

विन्या नुकताच प्रागला जाऊन आलाय. प्राग हा शब्द महिनाभर आम्ही रोज ऐकतोय. "मला हे असले वॉक पटत नाहीत. तिथे पिंकास सिनगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे 78 हजार लोकांची नावं लिहिलीत. नुसती नावं आणि तारखा. आणि बाहेर लोक आइस्क्रीम चाटत गाइडच्या छत्रीमागे फिरतायत. लाज वाटते."

"तू तिकीट काढूनच आत गेलास ना?" मुग्धा.

विन्या गप्प. दोन मिनिटं तरी.

मग मुग्धाच म्हणाली, "पण खरं सांगू? आमच्या गाइडचा आवाजही तसाच होता. एकदम दबका. 'व्हॅनिशिंग कम्युनिटी' तीनदा म्हणाली."

पेणकर इतका वेळ कटिंग पीत होता. तो हसला. "व्हॅनिश? मी काय इथे धूर सोडतोय?"

मला राग आला तो इथेच. प्रागचा ज्यू समाज उजाड झाला तो माणसं मारल्यामुळे. मांडवीतून कुणी कुणाला हाकललं नाही. काही 1948नंतर इस्रायलला गेले, काही भायखळ्याला, काही आपल्या ठाण्यात. चाळीतला माणूस वन बीएचकेसाठी डोंबिवलीला जातो, तसे. त्याला युरोपातलं सुतक कशाला लावायचं?

"इतकं सोपं नाहीये," पेणकर म्हणाला. "आईचे चारही भाऊ गेले. सुतक नसेल, पण घर ओस पडलंच. आता मला सांग, तुम्ही पंचवीस जण आत गेलात. त्यात ज्यू पुरुष किती?"

"एकही नसेल."

"मग सगळे मिळून शून्य. आमच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, मिनयान म्हणतात. कधीकधी नऊ जण बसलेले असतात आणि दहाव्याला फोन चाललेले असतात. तेवढ्यात पंचवीस जण येतात, झुंबरांचे फोटो काढतात आणि जातात. देणगीपेटीत काही टाकलंस?"

"घाईत राहिलं," मुग्धा हळूच म्हणाली. पण ती हटणारी नव्हे. "तरी मी बोलणार. तीस वर्षं सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्याने जातेय. तुमचं ठाण्यातलं सिनगॉग मला सरकारी कचेरी वाटायची. आज नऊशे भरले म्हणून तुला एवढं तरी विचारतेय."

यावर विन्याकडेही उत्तर नव्हतं. पेणकरने मान हलवली, पण त्याचं संपलं नव्हतं. "शनिवार तेली सांगितलं का गाइडने? कोकणात आमचे लोक घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून ते नाव. मालिदा? पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं, एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने. मराठी कीर्तनं? आमच्याकडे मोझेसवर कीर्तन व्हायचं, साक्यांसकट. वल्हांडण सणाला वाचायचं पुस्तक, हगादा, 1874मध्ये पुण्यात मराठीसकट छापलाय."

यातलं काहीही मुग्धाने ऐकलं नव्हतं. वॉक सगळा इंग्रजीत. ज्या लोकांनी देवालाही मराठीत आळवलं, त्यांची गल्ली दाखवायला मराठी का चालत नाही, हे मला समजत नाही. मालिद्याला 'स्वीट राइस ऑफरिंग' म्हटलं की त्यातलं खोबरंच निघून जातं.

"ठाण्यातलं मी दाखवतो," पेणकर म्हणाला. "आधी विचारावं लागेल. 26/11नंतर ओळखपत्राशिवाय कुणाला आत घेत नाहीत. डोकं झाका. शनिवारी यायचं तर फोटो बंद."

मुग्धाने तिथेच वॉकवाल्यांना मेसेज टाकला, मराठीत करता का म्हणून. रात्री उत्तर आलं: करू, पण किमान दहा जण हवेत.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मोजदाद झाली. अन्याला धरून सहा.